स्लॅबचं वय

दिवस शून्य

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला आणि दुपारी तीनला लेकीच्या खोलीची जमीन ओतून झाली. मिस्त्रींनी गमबूट धुतले, कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि मला म्हणाले, वहिनी, स्लॅबचं वय आजपासून मोजायचं. आज शून्य. अठ्ठावीस दिवसांचा झाला की कमावता.

आमचा प्लॉट उताराचा. आर्किटेक्ट मॅडमनी पहिल्या भेटीतच आम्हा नवराबायकोला चौदा पानांची प्रश्नावली दिली होती. सकाळी आधी कोण उठतं, भांडण झालं की कोण कुठे जाऊन बसतं, ओला टॉवेल कुठे टाकता. शेवटचा प्रश्न: घराकडून काय हवंय ते एका वाक्यात लिहा. नवऱ्याने लिहिलं, "गळू नये." मी लिहिलं, "एक कोपरा हवेत असावा."

मॅडमना माझं वाक्य आवडलं. म्हणून लेकीची खोली मुख्य घरातून दहा फूट बाहेर निघाली. खाली खांब नाही, भिंत नाही, नुसता उतार. स्ट्रक्चरचे इंजिनिअर, ज्यांना आम्ही घरात शंकासूर म्हणायचो, त्यांनी या खोलीतलं लोखंड दोनदा वाढवलं आणि तरी चेहरा आंबटच ठेवला.

लेक तेरा वर्षांची. दोरीच्या उड्या मारते, गंमत म्हणून नाही, स्पर्धेला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये खालच्या आजोबांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकून ठोकून आमच्याशी ओळख वाढवली होती. नकाशा बघताच तिने बाहेर आलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. ही माझी. हवेला डोकेदुखी होत नाही, म्हणाली.

आज त्या चौकोनाखाली अठरा टेकू उभे आहेत.

मॅडमच्या ऑफिसने घरमालकांसाठी एक पुस्तिका छापली आहे. तिचं पहिलं वाक्य: "बांधकामाच्या काळात आपल्याला आनंद होईल, थकवा येईल आणि अधूनमधून भीती वाटेल. तिन्ही स्वाभाविक आहेत."


दिवस नऊ

नणंदबाई आल्या. दोन विमानांच्या मधे सहा तास होते, ते त्यांनी भावाच्या घराला दिले. आई गेल्यावर त्यांनीच नवऱ्याला वाढवलं, त्यामुळे त्यांनी एखाद्या गोष्टीला "हं" म्हटलं की ती गोष्ट आमच्या घरात पास होते. आमच्या लग्नाला त्या "हं" म्हणाल्या नव्हत्या. "बरं" म्हणाल्या होत्या.

उतारावर नाजूक चपला सांभाळत उभ्या राहिल्या आणि टेकूंच्या त्या रानाकडे पाहून म्हणाल्या, "हेच का ते तरंगणारं? अगं, हे तर अठरा काठ्या टेकून उभंय. माणसाला दोन पुरतात."

नवरा हसला. मीही हसले. मग त्या भावाला म्हणाल्या की तुझ्या बायकोची हौस दांडगी, पण कागदावर सगळंच तरंगतं. तो त्यांना मागची टाकी दाखवायला घेऊन गेला.

मी मिस्त्रींकडे गेले. पुढच्या रांगेतले तीन टेकू जरा काढता येतील का, विचारलं. जरा म्हणजे फोटोपुरते. मिस्त्रींनी कान खाजवला. मॅडमना फोन लावू का, म्हणाले. मॅडम कशाला, मी म्हटलं. मग साहेबांना विचारू?

"साहेबांना काय विचारायचं? घर माझंही आहे ना?"

एवढंच बोलले. आवाजही चढवला नव्हता. मिस्त्री बावीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधताहेत, मालकीणबाईचा हा सूर त्यांना पाठ असणार. त्यांनी बोटाच्या पेराने स्लॅब खालून ठोकून पाहिला. तीनच काढतो, म्हणाले. आणि दहा मिनिटं.

टेकू निघाले. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. समोरून पाहिलं तर पुढची कड मोकळी, खाली आभाळ. नणंदबाई परत आल्या आणि म्हणाल्या, "हं."

मग त्यांना भावाबरोबर फोटो हवा झाला. खाली उभं राहून, वर हात दाखवत. मग एकटीचा. मग चपला बदलून. टेकू पुन्हा लावेपर्यंत पंचवीस मिनिटं झाली होती.

पुस्तिका, पान सात: "साइटवरील कामगारांना परस्पर सूचना देऊ नयेत. घर आपलेच आहे, परंतु ते अजून घर झालेले नाही." या ओळीखाली मी पहिल्याच आठवड्यात पिवळी रेघ मारली होती.


दिवस दहा
दिवस अकरा
दिवस बारा

काही नाही.


दिवस एकवीस

आज टेकू रीतसर काढले. शंकासूर स्वतः हजर. बाहेरच्या कडेपासून आत, एकेक रांग, प्रत्येक रांगेनंतर थांबायचं, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहायचं, वहीत आकडा लिहायचा. अठरावा निघाला तेव्हा त्यांनी वही दोनदा वाचली.

"मी धरलं होतं त्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त खाली आलंय," ते म्हणाले. मग मिस्त्रींना विचारलं, "मधे कुणी हात लावला होता का?"

मिस्त्री म्हणाले, नाही साहेब.

मी चार पावलांवर उभी होते. माझ्या हातात सगळ्यांसाठी आणलेल्या चहाचा थर्मास होता. मी झाकण उघडलं, पुन्हा बंद केलं. दोन मिलिमीटर म्हणजे किती, ते त्याच झाकणाच्या जाडीवरून मनात ताडत होते. शंकासूर म्हणाले, हद्दीत आहे, चालेल. मी चहा ओतला.

दिवसभर मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही.


दिवस चोवीस

स्लॅबवर पाणी साठवून ठेवतात, तो भिजत राहावा म्हणून. आज पाणी काढलं आणि स्लॅब उन्हात सुकायला लागला. गडद करडा होता तो फिका होत गेला. अकरा वाजता सगळा फिका झाला, एक रेघ सोडून.

जिथे मुख्य घर संपतं आणि खोली बाहेर निघते, बरोबर तिथे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. केसाएवढी, ओली, काळी. बाकी सगळं सुकलं तरी तिच्यात पाणी होतं, कारण तिला खोली होती.

मी नखाने चाचपून पाहिली. नख अडकलं.

मिस्त्रींना बोलावलं. ते उकिडवे बसले. सुकताना अशा भेगा पडतात, म्हणाले. सगळीकडे पडतात. मी म्हटलं, सगळीकडे कुठे आहे, इथेच आहे. ते म्हणाले, हो.

मी विचारलं, इंजिनिअर साहेबांना सांगायचं का.

"सांगा वहिनी. तुम्ही मालक. मला तर आजच घरी पाठवतील, आणि ज्याने कच्च्या स्लॅबचे टेकू काढले त्याला पुढे कुठे उभं करत नाहीत. पण तुम्ही सांगा."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चिडून सांगून टाकलं असतं.


दिवस सव्वीस

फोटोफ्रेमच्या दुकानातून पातळ काचेची पट्टी कापून आणली. बोटाएवढी लांब. मिस्त्रींनी भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचा एकेक टिपका ठेवला आणि पट्टी त्यावर आडवी चिकटवली. पुलासारखी. शेजारी पेन्सिलीने तारीख.

भेग हलली तर आधी काच बोलते, म्हणाले. काच लवत नाही, तुटते.


दिवस अठ्ठावीस, फोनवर मी

हो, बोला इंजिनिअर साहेब. अच्छा, आले का रिपोर्ट? म्हणजे काँक्रीटचे ते नमुन्याचे ठोकळे पास? सगळे? वा. नाही, तसं नाही, आनंदच आहे. म्हणजे काँक्रीट चांगलं आहे. हो हो. एक विचारायचं होतं. ठोकळे वेगळे भरतात ना, साच्यात? म्हणजे ते आपले बाजूला पाण्यात पडून असतात. त्यांच्यावर काही भार वगैरे... नाही, असंच. पुस्तिकेत वाचलं म्हणून. नाही नाही, काही दिसलेलं नाही. मी कुठे वर जाते एवढी. हो. सांगते त्यांना. ठेवते.


दिवस एकोणचाळीस

काच तुटली.

मधोमध, सरळ. दोन तुकडे आपापल्या टिपक्यावर शांत बसलेले. मिस्त्री म्हणाले, इलेक्ट्रिशियनची पोरं काल पाइप ओढत होती, पाय पडला असेल. असेल. पाय पडला असता तर चुरा झाला असता, असं मला वाटलं. पण पाय पडला असेल हे मला इतकं हवं होतं की मी मान हलवली आणि दुसरी पट्टी आणायला गेले.


दिवस एकोणचाळीस ते अठ्ठावन्न

रोज जाते. कारण रोज वेगळं सांगते: नळाची उंची बघायची आहे, रंगाचा नमुना उन्हात बघायचा आहे. नवरा म्हणतो, ज्या ऑफिसातून पगार घेतेस तिथले लोक तुला ओळखतात का अजून? जिना चढते. गुडघे टेकते, फुंकर मारून धूळ उडवते, काच बघते. शाबूत. मग अर्धा दिवस बरा जातो. अर्ध्या दिवसानंतर वाटतं, मी निघाल्यावर तुटली असेल.

रात्रीचं सोडाच. दुपारी मीटिंगमध्ये कुणी खुर्ची मागे सरकवली तरी मी खाली बघते.


दिवस एकोणसाठ

आज मार्बल बसायचा. भल्यामोठ्या, दुधी रंगाच्या लाद्या, प्रत्येक लादीवर मागे नंबर, शिरा जुळाव्यात म्हणून. खाली घालायचा सिमेंटचा मसाला तयार होता. पाटीवाले थांबले होते. मिस्त्रींनी खोलीच्या तोंडाशी येऊन मला विचारलं.

"झाकू?"

काच शाबूत होती. वीस दिवस शाबूत होती. मी म्हटलं, "झाका."

त्यांनी आधी पट्टी काढली, खिशात टाकली, मग मसाला ओढला.

आता बघायलाही काही उरलं नाही. पुस्तिका, पान अकरा: "फिनिशिंगच्या टप्प्यात घर झपाट्याने सुंदर दिसू लागते. मालकांना या टप्प्यात सर्वाधिक समाधान लाभते."


दिवस सत्तर ते एकशे दहा: आमच्या घरातल्या चर्चा, जशा झाल्या तशा

हँडल पितळी की काळे. (काळे.)
कमोड भिंतीला टांगलेला की जमिनीवरचा. नवरा म्हणाला, या घरात एक तरी वस्तू जमिनीवर राहू दे.
लेकीचा पलंग. सागवानी नको, मी म्हटलं. का? जड दिसतो.
लेकीचं पुस्तकांचं कपाट. नको. का? धूळ बसते.
कपड्यांचं कपाट. ते मुख्य घराच्या बाजूला, दारापाशी ठेवू. का? असंच.
गादी एकच. पातळ.
अभ्यासाचं टेबल घडीचं.
नवरा: "एवढा खर्च करून पोरीला वसतिगृहात ठेवतोय का आपण?"

मी प्रत्येक वस्तूचं वजन दुकानात विचारून घेत होते. लेकीचंही माहीत होतं, एक्केचाळीस किलो. पण ती उडी मारते. उडी मारणाऱ्या एक्केचाळीस किलोचे किती होतात, ते मला कुणाला विचारता येत नव्हतं.


दिवस एकशे अकरा

सरकत्या काचेचा माणूस बाहेरच्या कडेला रूळ बसवत होता. लेव्हलची पट्टी ठेवली, उचलली, फिरवून पुन्हा ठेवली. मग कंत्राटदाराला ऐकू जाईल असं म्हणाला, ओतणारे झोपले होते का मोजणारे? मिस्त्रींनी लावलेल्या खुणेपासून बाहेरची बाजू पाच मिलिमीटर खाली होती. मार्बलवाल्याने कड मिळवून घेतली होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कंत्राटदार म्हणाला, पॅकिंग टाक, एवढं चालतं.

एकविसाव्या दिवशी दोन होते. आज पाच. मी तिथे नव्हतेच असं दाखवत जिना उतरले. 


दिवस एकशे सदतीस

घर ताब्यात घ्यायचा दिवस. मॅडम हातात यादी घेऊन खोलीखोलीत फिरत होत्या: इथे रंगाचा थेंब, तिथे स्विच वाकडा. कंत्राटदार मागे मागे "होऊन जाईल" म्हणत. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. नवऱ्याने नणंदबाईंना व्हिडिओ कॉल लावून फोन हातात उंच धरला होता.

लेकीच्या खोलीत शिरलो. काचेपलीकडे सगळा उतार, खालचा रस्ता, त्यावर खेळण्यातल्यासारखी गाडी. मॅडमसुद्धा काही लिहायचं विसरल्या. फोनमधून नणंदबाई म्हणाल्या, मोबाइल जरा सरळ धर रे.

लेकीने पाठीवरची पिशवी काढली. त्यात दोरी होती.

तिने बूट काढले, मोजे काढले, खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोरी मागे टाकली. पहिली उडी. तिचे तळवे मार्बलवर पडले तो आवाज अगदी लहान होता, चापट मारल्यासारखा. दुसरी. तिसरी. मला तो आवाज पायांतून वर आलेला कळला. चौथी. ती वेग वाढवते तेव्हा दोरी दिसेनाशी होते, नुसता सप सप आवाज. ती हसत होती. कुणी ठोकत नाहीये, म्हणाली.

मी "थांब" म्हटलं. ऐकू गेलं नसावं. मी चालत गेले, धावले नाही, कारण धावले तर माझंही वजन पडेल. तिचा दंड धरला. दोरी माझ्या पोटरीवर बसली. तिला ओढत ओढत भिंतीकडे, मग दाराकडे, मग पॅसेजमध्ये नेलं. आई, काय करतेयस, दुखतंय.

सगळे माझ्याकडे पाहत होते. फोनमधल्याही.

"या खोलीत कुणी उभं राहू नका," मी म्हटलं. "नवव्या दिवशी मी टेकू काढायला लावले होते."


तोच दिवस, पुढे

मॅडमनी आधी सगळ्यांना पॅसेजमध्ये आणलं, मग प्रश्न विचारले. किती टेकू, कुठले, किती वेळ. मी सगळं सांगितलं. भेग, काच, दुसरी काच, मार्बल, पाच मिलिमीटर. सांगताना माझा आवाज स्वच्छ येत होता, याचं मलाच नवल वाटलं. मॅडम ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, पान सात वाचलं होतंत का? वाचलं होतं.

कंत्राटदार मिस्त्रींकडे वळला. मी मधे पडले. ते मॅडमना विचारू म्हणत होते, मी ऐकलं नाही, दोष माझा.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत ते तुमचं. त्याने ऐकलं ते त्याचं."

मिस्त्रींनी खिशातून मोजपट्टी काढून कठड्यावर ठेवली, ती कंत्राटदाराची होती, आणि इस्त्रीच्या शर्टात जिना उतरून गेले. मी त्या आठवड्यात त्यांना सहा वेळा फोन केला. वाजत राहिला.

नवऱ्याने गाडी काढली.  लेकीला फ्लॅटवर सोडलं, ती वर गेली, तेव्हा नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "ताई आणि मी खाली उभे होतो."

मी म्हटलं, हो.

"आणि तू फोटो काढत होतीस."


दिवस एकशे एक्केचाळीस

शंकासुरांनी भेगेच्या जागी मार्बलचा पट्टा कापून काढला. भेग होतीच. त्यांनी भेगेवर एक छापील कार्ड धरलं, त्यावर वेगवेगळ्या जाडीच्या रेघा, जसा चष्म्याच्या दुकानात तक्ता असतो. कुठली रेघ जुळली ते मला सांगितलं नाही, वहीत लिहिलं.

मला रागावतील म्हणून मी तयार होते. ते फक्त म्हणाले, "एकविसाव्या दिवशी मी मिस्त्रीला विचारलं, तुम्हाला विचारायला हवं होतं."

आता परीक्षा घ्यायची. खोलीत विटांचा बांध घालायचा, प्लास्टिक अंथरायचं, पाणी भरायचं. माणसं, सामान, उड्या, सगळ्याच्या वर थोडा, इतका भार. चोवीस तास ठेवायचा, मग पाणी सोडायचं आणि चोवीस तास थांबायचं. स्लॅब खाली जाणारच. प्रश्न असतो तो किती परत येतो याचा. निदान पाऊण परत यायला हवा.

खाली पुन्हा टेकू लावले, पण स्लॅबला न टेकलेले, वर चार बोटं फट ठेवून. पडला तर झेलायला. नवऱ्याने त्या फटीत हात घालून पाहिला आणि चटकन काढून घेतला.


दिवस एकशे बेचाळीस

पाणी चढतंय. कडेला खालून लावलेल्या घड्याळासारख्या यंत्रात काटा. आम्ही दोघं उतारावर, सांगितलेल्या दोरीच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. काटा हलताना दिसत नाही. तोंड फिरवून परत पाहिलं तर पुढे गेलेला असतो. मी तोंड फिरवायचं थांबवलं. तरी तो पुढे गेला.

वरून मधेच टक् असा आवाज आला. नवऱ्याने माझं मनगट धरलं. शंकासूर वर न बघता म्हणाले, विटांचा बांध आहे, बसतोय. चार महिन्यांत नवऱ्याने मला आपणहून धरलं ते हे एकदाच. लगेच सोडलं.


दिवस एकशे चव्वेचाळीस

सात मिलिमीटर खाली गेला होता. पाच परत आला.

सातचा पाऊण भाग म्हणजे सव्वापाच. पाव मिलिमीटर कमी पडला.

शंकासूर म्हणाले, नियमात आणखी एक संधी असते. तीन दिवस थांबून पुन्हा पाणी भरायचं. या वेळी जास्त परत आला तर पास. नाहीतर खाली दोन खांब. ठरवा तुम्ही.

नवरा म्हणाला, परत भरू. पाव मिलिमीटर म्हणजे काय असतं? नखसुद्धा एवढं पातळ नसतं. पास झाला तर तुझा कोपराही राहील, हे माझ्याकडे न बघता म्हणाला. मला कळलं की तो माझ्यासाठीच म्हणतोय, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली.

"खांब घाला," मी म्हटलं.

"पास झाला तर?"

"झाला तरी."


दिवस दोनशे सतरा

राहायला आलो. खोलीखाली दोन खांब उभे आहेत, चांगले जाडजूड. शंकासुरांनी स्लॅब आधी हळूहळू उचलून घेतला, मग खांबांना बसवला, मग पुन्हा पाण्याची परीक्षा घेतली. या वेळी काटा हलला न हलला. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा आंबट नव्हता. ट्रक उभा करा वर हवं तर, म्हणाले. नणंदबाईंना नवऱ्याने खांबांचा फोटो पाठवला. त्यांनी बरं म्हटलं.

लेक आमच्या खोलीत झोपते. दोन दिवसांपुरतं, म्हणाली होती.


दिवस दोनशे एकोणतीस

मी तिला पाहिलं. तिला माहीत नव्हतं मी पॅसेजमध्ये आहे. तिला कपाटातून वही हवी होती. कपाट दारापाशीच आहे, तिने उंबऱ्यात उभं राहून, आत फक्त हात घालून वही काढली. पेन टेबलावर होतं, पलीकडे. ती भिंतीला पाठ लावून, एकेक पाय सरकवत गेली. जिथे मार्बलचा पट्टा नवा बसवलाय, त्या रेघेवर पाय न देता ओलांडला. पेन घेतलं. तशीच परत आली. दारात पोचल्यावर तिने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

उड्या ती आता खाली, गेटजवळ, मातीवर मारते. प्रशिक्षक म्हणाले, वेग उतरलाय. ती म्हणाली, माती आहे ना.

मी तिला शिक्का दाखवला होता. खांब हाताने थोपटून दाखवले होते. तिने सगळं ऐकून घेतलं होतं, मोठ्या माणसासारखं. पण तिने माझं तोंड पाहिलं होतं, एकशे सदतिसाव्या दिवशी, तिचा दंड धरला तेव्हा. कागदाने ते पुसलं जात नाही. जे चार महिने मी एकटी गिळत होते ते आता दोघींच्या पोटात आहे, आणि तिच्यात ते मीच घातलं.

मी खाली जाऊन गेटजवळच्या खिळ्यावरून दोरी काढून आणली. तिला हाक मारली. खोलीत गेले. मधोमध.

"आई, नको," ती उंबऱ्यातून म्हणाली.

मी चप्पल काढली. माझं वजन अडुसष्ट किलो. लहानपणी येत होत्या उड्या, त्याला पस्तीस वर्षं झाली. दोरी मला आखूड होती, घोट्यांमागे जेमतेम जमिनीला टेकत होती. पायाखालचा दगड गार लागत होता. हे सगळं भक्कम आहे, मी स्वतः आकडे पाहिलेत, आणि तरी माझी टाच जमिनीवरून सुटेना.  समोर काच, काचेपलीकडे खोल. मी काचेकडे पाठ केली आणि लेकीकडे तोंड केलं, म्हणजे निदान भीती लपवायचा आळ तरी यायला नको. ती माझ्या पायांकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

उडी मारली. दोरी पायात अडकली, मी कशीबशी पडता पडता उभी राहिले, दोन्ही तळपाय दाणकन आपटले. काचा थोड्या थरथरल्या. सगळ्याच खोल्यांच्या थरथरतात.

आम्ही दोघी ऐकत राहिलो. खालून काही आलं नाही.

ती उंबऱ्यात बसली, गुडघे पोटाशी घेऊन. एक हात पुढे केला आणि तळवा मार्बलवर सपाट ठेवला, ताप बघतात तसा.

"परत मार," म्हणाली.